पेटी तिरपी करावी लागते

न्यूयॉर्क शहराच्या क्वीन्स भागातील एका साध्या घरात जोसेफ कॉर्नेल हा कलावंत १९२९ पासून १९७२ साली मृत्यू येईपर्यंत राहिला. चित्रकलेचे शिक्षण त्याला मिळालेले नव्हते. तरुणपणी तो कापडाचा विक्रेता होता आणि सवड मिळताच जुन्या पुस्तकांची व मोडक्या वस्तूंची दुकाने धुंडाळीत असे. आरंभी त्याने औषधाच्या गोळ्यांच्या पुठ्ठ्याच्या डब्या घेतल्या व मुठीत मावणाऱ्या त्या डब्यांत मणी, टिकल्या अशा बारीकसारीक वस्तू मांडल्या. पुढे तो समोर काच असलेल्या लाकडी पेट्या करू लागला. १९३६ सालच्या त्याच्या एका पेटीत साबणाचे फुगे सोडण्याची मातीची नळी आहे, चंद्राचा नकाशा आहे आणि पेल्यात ठेवलेले एक अंडे आहे.

यात कला ती कोणती, असे कोणी विचारील. वस्तू तर सगळ्या दुसऱ्यांनी घडविलेल्या! शंका रास्त आहे. मुलेही गोट्या, पिसे, शिंपले डब्यात साठवितात. पण मुलांच्या डब्यात हाती लागलेले सारे असते. कॉर्नेलच्या पेटीत मात्र त्याने जमविलेल्यांपैकी बहुतेक वस्तू नसतात. त्याच्या घराचे तळघर अशा जिनसांनी भरलेले होते. त्यांतून तीन-चारच निवडावयाच्या आणि उरलेली जागा धीराने रिकामी ठेवावयाची, हे काम सोपे नव्हे. काही पेट्या पुऱ्या होण्यास वर्षे लागली. कॉर्नेल अमेरिकेबाहेर कधीच गेला नाही. त्याचा धाकटा भाऊ रॉबर्ट अपंग होता आणि त्याची शुश्रूषा कॉर्नेलने वर्षानुवर्षे केली. तरीही त्याच्या कित्येक पेट्यांत युरोपातील हॉटेलांची नावे आढळतात.

काही पेट्यांत त्याने सुटी वाळू घातली. पेटी हातात घेऊन तिरपी केली की वाळू सरकते आणि तिच्याखाली दडलेला एखादा शिंपला उघडा पडतो. आज या पेट्या संग्रहालयांच्या कपाटांत स्थिर ठेवलेल्या असतात. नाजूक वस्तू जपणे हे संग्रहालयाचे कर्तव्यच आहे. प्रत्येकाने हाताळल्या तर त्या दहा वर्षेही टिकणार नाहीत. परंतु जी हलविल्यावाचून पुरी होत नाही, ती वस्तू नुसती पाहून कशी कळावी? मूळ पेटीशेजारी तशीच दुसरी पेटी करून ठेवावी आणि ती मुलांच्या हाती द्यावी. खर्च फार नाही. लाकूड, काच आणि मूठभर वाळू.

कॉर्नेलला मुलांची पारख मोलाची वाटे. १९७२ साली न्यूयॉर्कमधील कूपर युनियन या संस्थेत खास मुलांसाठी त्याच्या कलाकृतींचे प्रदर्शन भरले. तेथे पेट्या मुलांच्या डोळ्यांसमोर येतील इतक्या खाली लावल्या होत्या. मुलांसाठी खाऊही होता. आणि मोठ्या माणसांना मात्र वाकून पाहावे लागे.