परीक्षणाला गुण नाहीत

मराठी नियतकालिकांतून पुस्तक-परीक्षणे हद्दपार होत चालली आहेत, अशी तक्रार आपल्या चर्चासत्रांतून नियमाने ऐकू येते. तक्रार करणारे बहुधा प्राध्यापक असतात; परीक्षणे लिहिणे सोडून दिलेले लोकही बहुधा तेच असतात. या विसंगतीचे स्पष्टीकरण 'वाचनसंस्कृतीचा ऱ्हास' या सर्वरोगहारी शब्दप्रयोगाने केले जाते. प्रस्तुत लेखकाला हे स्पष्टीकरण सोयीचे वाटते, खरे वाटत नाही. खरे कारण पुष्कळच साधे आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने 2010 च्या विनियमांद्वारे अध्यापकांच्या पदोन्नतीसाठी जी गुणांकपद्धती आणली, तिच्या कोष्टकात शोधनिबंधाला जागा होती, ग्रंथाला होती, ग्रंथातील प्रकरणालाही होती, परीक्षणाला नव्हती. 2018 च्या विनियमांनी कोष्टक बदलले, त्यात भाषांतराची सोय झाली, परंतु परीक्षण बाहेर राहिले ते राहिलेच. पंधरा दिवस एक कादंबरी वाचून, तिच्या लेखकाचा रोष पत्करून, चार पाने लिहायची आणि पदरात शून्य गुण पाडून घ्यायचे, हा व्यवहार कोण करील?

शोधनिबंधाची कथा याच्या नेमकी उलट आहे. त्याला गुण असल्यामुळे तो अमाप लिहिला गेला, आणि अमाप लिहिला गेल्यामुळे वाचला गेला नाही. त्याचा साचा ठरून गेला आहे: प्रस्तावना, उद्दिष्टे, गृहीतके, विवेचन, निष्कर्ष. 'अमुक यांच्या कादंबऱ्यांत ग्रामीण जीवनाचे चित्रण आढळते' हे गृहीतक. 'अमुक यांच्या कादंबऱ्यांत ग्रामीण जीवनाचे चित्रण आढळते' हा निष्कर्ष. मधल्या सहा पानांत गृहीतकाला धोका पोचेल असे काहीही घडत नाही. समीक्षा म्हणजे स्वतःच्या पहिल्या मताला संहितेसमोर उभे करण्याची जोखीम, ही समजूत या साच्यात अप्रस्तुत ठरते.

असा निबंध पाठवला कोठे जातो, हेही पाहिले पाहिजे. मुखपृष्ठावरचा आयएसएसएन हा आठ अंकी क्रमांक नियतकालिकाची केवळ ओळख पटवतो. त्याच्या गुणवत्तेविषयी तो अवाक्षर काढत नाही. तरी आपल्याकडे तो प्रतिष्ठेचा शिक्का झाला. विष्णुपुरीच्या परिसरात शिकवताना हे जवळून पाहता आले. काही वर्षांपूर्वी एका अशाच नियतकालिकाकडे मी एक निबंध पाठवला. सकाळी पाठवलेल्या निबंधाची स्वीकृती दुपारी आली; तज्ज्ञांनी तो तपासल्याचे तीत लिहिले होते, आणि खाली बँकेचा खाते क्रमांक होता. निबंधात एका कवितासंग्रहाचे प्रकाशनवर्ष माझ्याकडून चुकले होते. ते तसेच छापून आले असते. मी पैसे पाठवले नाहीत म्हणून ते टळले, तज्ज्ञांमुळे नव्हे.

नांदेडच्या अभ्यासकाने तरी हे निमूटपणे स्वीकारू नये, याला स्थानिक कारण आहे. नरहर कुरुंदकर याच गावात आधी शाळेत आणि पुढे पीपल्स कॉलेजात शिकवत होते. 'रिचर्डस्‌ची कलामीमांसा' 1963 साली प्रसिद्ध झाली आणि मराठी कादंबरीचा मागोवा घेणारे 'धार आणि काठ' 1971 साली. त्यांचे बहुतेक लेखन लेख, व्याख्यान, प्रस्तावना, परीक्षण या रूपांतच विखुरलेले होते. 'श्रीमान योगी' या कादंबरीची प्रस्तावना म्हणून आपण जे वाचतो, ते वस्तुतः कुरुंदकरांनी रणजित देसाई यांना लिहिलेले दीर्घ पत्र आहे. शिवाजी या विषयावर कादंबरी लिहिताना इतिहासाचे कोणते प्रश्न टाळता येणार नाहीत, याची इतकी परखड चर्चा मराठीत क्वचित झाली असेल. आजच्या कोष्टकानुसार या पत्राचे मूल्य किती? पत्राला रकाना नाही, प्रस्तावनेलाही नाही. 1982 साली कुरुंदकर गेले. त्यांच्या नावाने व्याख्याने देणाऱ्यांनी ही आकडेमोड एकदा स्वतः करून पाहावी.

येथे एक आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. जुना संपादक तरी कोठे निष्पक्ष होता? 'सत्यकथे'च्या संपादकांनी लेखकांना पत्रे पाठवून पुनर्लेखन करायला लावले, त्यातून मराठी कथा-कवितेचे भलेच झाले हे मान्य करूनही, खटाववाडीतील त्या अभिरुचीच्या उंबऱ्याबाहेर कोण राहिले हा प्रश्न उरतोच. 1969 साली राजा ढाले आणि त्यांच्या मित्रांनी 'सत्यकथे'ची होळी केली, ती काही पोरकटपणा म्हणून निकालात काढता येत नाही. प्रस्तुत लेखक त्या काळाचे गोडवे गाण्यास तयार नाही. मराठवाड्यातून मुंबई-पुण्याकडे पाठवलेले किती लिखाण पोचेविना पडून राहिले असेल, याची नोंद कोणी ठेवलेली नाही.

परंतु त्या नकाराला तेव्हा जे उत्तर दिले गेले, ते लक्षात घ्यावे. गंगाधर पानतावणे यांनी औरंगाबादेत (आजचे छत्रपती संभाजीनगर) 'अस्मितादर्श' उभे केले आणि दशकानुदशके चालवले. दलित साहित्याची संकल्पना ज्या वादांतून घडली, त्यांतले कितीतरी वाद या त्रैमासिकाच्या पानांवर झाले. कोणत्याही यादीने त्याला मान्यता दिलेली नव्हती. त्याला वाचक होते आणि त्याच्याशी भांडणारे होते. ढाले यांचेच दुसरे उदाहरण घ्या. त्यांचा 'काळा स्वातंत्र्यदिन' हा लेख 'साधना' साप्ताहिकाच्या 15 ऑगस्ट 1972 च्या अंकात आला. अंकाची जबाबदारी अनिल अवचट यांच्याकडे होती. लेखावर वादळ उठले. ज्या साप्ताहिकाची परंपरा साने गुरुजींची, त्याने असा लेख छापावा की नाही यावर महाराष्ट्र भांडला. लेख पाठवणे आणि लेख स्वीकारणे या दोन्ही कृती तेव्हा राजकीय होत्या, कारण दोन्ही बाजूंना काहीतरी गमावण्याची शक्यता होती. आजच्या शुल्कप्रधान नियतकालिकात लेखक फक्त पैसे गमावतो आणि संपादक काहीच गमावत नाही.

याद्यांनी हे दुरुस्त होईल, अशी आशा मध्यंतरी बाळगली गेली. आयोगाने 2017 मध्ये मान्यताप्राप्त नियतकालिकांची यादी केली; 2018 मध्ये तिच्यातून चार हजारांहून अधिक नावे वगळावी लागली, यावरून ती कशी झाली असेल हे कळते. मग 'केअर' यादी आली. फेब्रुवारी 2025 मध्ये तीही बंद करून निवडीची जबाबदारी संस्थांवर टाकण्यात आली. आमच्यातील अनेकांना यामुळे मोकळे वाटले. मला वाटले नाही. पारख करण्याची सवयच मोडलेल्या माणसाला पारखीचे स्वातंत्र्य दिले, तर तो नव्या यादीची वाट पाहतो. ती मिळेपर्यंत खाते क्रमांक पाठवणारे आहेतच.

पीएच.डी.साठी प्रबंधापूर्वी निबंध प्रसिद्ध करण्याची सक्ती 2022 च्या विनियमांनी काढून टाकली. म्हणजे निदान संशोधक विद्यार्थ्याला आता घाईने कोठेतरी छापून येण्याचे कारण उरलेले नाही. त्याने आपला पहिला लेख म्हणून परीक्षण लिहावे: नांदेड, लातूर, परभणी, हिंगोली या चार जिल्ह्यांत यंदा प्रसिद्ध झालेले एक पुस्तक घ्यावे, ज्या नियतकालिकाकडे लेख पाठवायचा त्याचे मागचे चार अंक आधी वाचावेत, आणि एकच लेख एकाच वेळी तीन ठिकाणी पाठवण्याची प्रचलित युक्ती सोडून द्यावी. संपादकाने लेख परत करताना कारण लिहावे, दोन ओळींचे का होईना. आणि विभागाने त्या परीक्षणावर तासभर चर्चा ठेवावी, पुस्तकाच्या लेखकाला समोर बसवून. चार दिवस कोणी कोणाशी बोलणार नाही. विष्णुपुरीत त्याने काही बिघडणार नाही. सध्याही आम्ही एकमेकांच्या लेखनाविषयी बोलत नाहीच.