आता हेर ‘ती’!

हेरगिरीचा सिनेमा म्हटलं, की डोळ्यांसमोर येतो तो हिरोच. यशराजची हेरमालिका २०१२ मध्ये ‘एक था टायगर’ने सुरू झाली. २०२५ च्या ‘वॉर २’पर्यंत सहा सिनेमे आले. झोया आणि रुबिना त्यात पुरुषांच्या बरोबरीने लढल्या. पण सिनेमे टायगरचे आणि पठाणचेच राहिले. सातव्या ‘अल्फा’त मात्र मुख्य हेर दोन मुली : आलिया भट आणि आपली मराठमोळी शर्वरी वाघ. पुण्याच्या बिट्टूची गोष्ट सांगणाऱ्या ‘मुंज्या’तली (२०२४) बेला तीच.

कौतुक आहेच, पण मैत्रिणींनो, खरी मेख पुढे आहे. ‘वॉर २’ अपेक्षेइतका चालला नाही, तेव्हा ‘पुरुषांचे सिनेमे चालत नाहीत’ असं कुणी म्हटलं का? बाईचा एखादा पडला, की मात्र खापर सगळ्याच बायकांवर! आलियाच्या ‘राझी’नं २०१८ मध्येच शंभर कोटींचा टप्पा ओलांडला होता, ते सोयीनं विसरलं जातं. गावच्या पहिल्या महिला सरपंचाचंही असंच होतं ना? तिची एक चूक मोजतात, आधीच्यांच्या दहा विसरतात. तेव्हा ‘अल्फा’ आवडो न आवडो, निकाल सिनेमाचा लावूया, बाईपणाचा नको.