‘स्टेला डॅलस’ : कुंपणाचा विसर

किंग व्हिडर दिग्दर्शित ‘स्टेला डॅलस’ (१९३७) या चित्रपटाचे अखेरचे दृश्य हे हॉलिवुड मेलोड्रामाच्या समीक्षेतील मोठे वादस्थळ आहे. लॉरेलचा विवाह एका श्रीमंत घरात होत आहे. तिची आई स्टेला बाहेर पावसात, लोखंडी कुंपणाशी उभी राहून तो खिडकीतून पाहते आणि साश्रू पण हसऱ्या चेहऱ्याने निघून जाते. ई. ॲन कॅप्लन यांना यात आईला निव्वळ प्रेक्षक करून सोडणारी पितृसत्ता दिसली. लिंडा विल्यम्स यांनी १९८४ मध्ये त्याचा प्रतिवाद करून, स्त्री-प्रेक्षक एकाच वेळी अनेक भूमिकांशी समरस होते, असे प्रतिपादन केले. स्टॅन्ली कॅव्हेल यांना तर स्टेलाच्या निघून जाण्यात स्वातंत्र्याची चाहूल लागली. वाद मातृत्वाचा आणि नजरेचा झाला. कुंपण कोणाचे, हा प्रश्न दुय्यमच राहिला.

स्टेला ही गिरणी कामगाराची मुलगी. लॉरेलचे अभिरुचीपूर्ण कपडे ती स्वतः शिवते. म्हणून हॉटेलातील तिचा स्वतःचा भडक पोशाख हेतुपुरस्सर असला पाहिजे, असा कॅव्हेल यांचा तर्क आहे. तो चतुर आहे, पण टिकणारा नाही. पोशाख हेतुपुरस्सर असेल, तर आगगाडीच्या डब्यात मुलींची कुचेष्टा कानी पडल्यावर स्टेलाला बसणारा धक्का निरर्थक ठरतो. वरिष्ठ वर्गाची अभिरुची ती मुलीसाठी आत्मसात करते. स्वतःसाठी तिला निराळेच काही आवडते. या आवडीला तिच्याच इच्छेचे मोल न देता डावपेच ठरवणे, हाही वर्गीय पूर्वग्रहच होय. तिचे खरे सोंग पुढे येते, मुलीला स्वतःपासून तोडण्यासाठी. आणि तेव्हा ती त्या कुचेष्टेनेच रंगवलेले आपले चित्र वठवते.

अखेरच्या दृश्यातील खिडकीही स्टेलाची नाही. पडदे उघडे राहतात ते घरची मालकीण हेलन हिच्या आज्ञेने, आणि गर्दी हटवायला बाहेर पोलीस उभा असतो. औदार्य आणि दंडशक्ती यांच्यामध्ये जेवढी जागा उरते तेवढीच स्टेलाच्या वाट्याला येते. आणखी एक क्षण पाहू द्या, अशी विनवणी तिला करावी लागते. अशा स्त्रीच्या हसण्यात मुक्ती शोधणाऱ्यांनी, ती चालत जाते ती कोठे, याचे उत्तर प्रथम द्यायला हवे. चित्रपट ते देत नाही. ते मौन स्वातंत्र्य या शब्दाने भरून काढणारी समीक्षा स्टेलाला कुंपणाबाहेरच ठेवते.