रजेची यादी आणि पंचांग



साताऱ्याच्या शाखेत असताना एका वर्षी दिवाळीच्या सुट्ट्यांना जोडून रजा घेतली आणि आईला पालिताण्यास नेले. निघण्यापूर्वी तिने विचारले होते, "कार्तिकी पौर्णिमा झाल्यावरच जातोय ना रे?" मी "हो" म्हणालो. पाहिली होती ती बँकेच्या सुट्ट्यांची यादी. पंचांग उघडलेच नव्हते.

चातुर्मासात शत्रुंजयाची यात्रा बंद असते. ती कार्तिकी पौर्णिमेस खुली होते. आईने जय तळेटीवरूनच वंदन केले. मला एका शब्दाने बोलली नाही. पुढील वर्षी गेलो, तोवर तिचे गुडघे थकले होते. तीन हजारांहून अधिक पायऱ्या तिला डोलीतून पार कराव्या लागल्या. गिरिराज पायी चढण्याची तिची इच्छा राहूनच गेली.

सातारा-सांगलीच्या व्यापारी कुटुंबांना बहुधा दिवाळीनंतरच सवड मिळते, म्हणून हे लिहितो. २०२६ मध्ये लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला आणि कार्तिकी पौर्णिमा २४ नोव्हेंबरला आहे. मधल्या दिवसांत मुलांना सुट्टी असली, तरी यात्रा बंदच. शिवाय गुजरातेतील पुष्कळ पेढ्या लाभपंचमीलाच उघडतात. त्याआधी जाऊन वसुलीही उरकू, हा हिशेब चुकतो. बँकांच्या सुट्ट्याही राज्यागणिक निराळ्या असतात. पौर्णिमेस अलोट गर्दी लोटते. वृद्ध बरोबर असल्यास दोन-चार दिवसांनंतरचे आरक्षण करावे.

घरातील वडीलधाऱ्यांनी एखादी तिथी विचारली, तर उत्तर देण्यापूर्वी पंचांग उघडावे.