पाकीट उघडल्यावर औषधाची मुदत बदलते

आपल्या बहुतेक घरांत औषधांची जागा ठरलेली असते. फ्रिजवरचा बिस्किटांचा पत्र्याचा डबा, नाहीतर स्वयंपाकघरातलं वरचं फडताळ. त्यात अब्बांच्या बीपीच्या गोळ्या, अम्मीची साखरेची गोळी, मागच्या पावसाळ्यातली खोकल्याची अर्धी बाटली आणि कुणाच्या, कशाच्या हे आता कुणालाच न आठवणाऱ्या चार-पाच सुट्या गोळ्या. औषध जेवणाआधी घ्यायचं की नंतर, रमजानमध्ये सहरीला की इफ्तारनंतर, हे आपण डॉक्टरांना विचारून घेतो. घरी ते ठेवायचं कसं, हे विचारायचं राहून जातं.

औषधावर छापलेली मुदत बंद पाकिटाची असते. ०८/२०२७ छापलं असेल तर औषध ऑगस्टच्या अखेरच्या दिवसापर्यंत चालतं, पण ते पाकीट न फोडता, सांगितलेल्या तापमानात ठेवलं असेल तरच. झाकण उघडलं, हवा आत गेली, पाणी मिसळलं की काही औषधांची दुसरीच, बरीच छोटी मुदत सुरू होते.

याचं सर्वांत स्पष्ट उदाहरण म्हणजे लहान मुलांचं अँटिबायोटिक. बाटलीत कोरडी पावडर असते आणि आपण खुणेपर्यंत उकळून गार केलेलं पाणी घालून ते तयार करतो. अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनिक ॲसिडचं असं औषध एकदा तयार झालं की फ्रिजमध्ये ठेवावं लागतं आणि ७ दिवसांत संपवावं लागतं. लेबलवर पुढच्या वर्षाची तारीख दिसते म्हणून उरलेलं औषध महिन्याभराने धाकट्याला पाजणाऱ्या घरांत, ते जवळजवळ निकामी झालेलं असू शकतं हे कुणाच्या लक्षात येत नाही. पाणी घातलं त्याच दिवशी बाटलीवर पेनाने तारीख लिहा. दोन सेकंदांचं काम आहे.

डोळ्यांत घालायच्या थेंबांचंही तसंच. बाटली उघडल्यापासून साधारण एक महिना, मग उरलेलं टाकून द्यायचं. काही थेंबांची मुदत याहून कमी असते, ती खोक्यावर लिहिलेली असते. डोळे आले की घरभर एकच बाटली फिरते, तिचं टोक पापण्यांना लागतं आणि औषधाबरोबर आजारही वाटला जातो.

आता गोळ्या. मेडिकलवाला दहाच्या पट्टीतून सहा कापून देतो. नाव एका तुकड्यावर येतं, तारीख दुसऱ्यावर राहते. त्याला सांगून तारखेचा भाग मागून घ्या, नाहीतर तिथेच मोबाइलवर पूर्ण पट्टीचा फोटो काढा. घरी गोळी काढतानाही तारीख नसलेल्या बाजूने सुरुवात करावी. मी सातवीच्या वर्गाला एकदा घरच्या पट्टीवर काय काय छापलंय ते वहीत लिहून आणायला सांगितलं होतं. पोरांनी किंमत सगळ्यांनी लिहिली, मुदत निम्म्यांनी, आणि ‘२५ अंशांखाली, कोरड्या जागी ठेवा’ ही ओळ फक्त एका मुलीने. विज्ञानाच्या पुस्तकात बाष्पीभवन शिकवताना मला ती ओळ फार उपयोगी पडली.

कोरडी जागा म्हणजे शेगडीवरचं फडताळ नव्हे आणि मोरीतल्या आरशाचं कपाटही नव्हे. फ्रिजवरचा डबाही नको, तिथे ऊब असते. सगळी औषधं सरसकट फ्रिजमध्ये कोंबणंही चूक, कारण तिथे दमटपणा असतो. झोपायच्या खोलीतल्या कपाटाचा वरचा कप्पा बरा. थायरॉइडच्या गोळ्यांच्या बाटलीत ओल शोषणारी छोटी पुडी असेल तर ती राहू द्या, कापसाचा बोळा मात्र उघडल्यावर काढून टाका, तो ओल धरतो. ॲस्पिरिनला सिरक्यासारखा वास यायला लागला तर तिने ओल खाल्ली असं समजा. पण बिघडलेलं प्रत्येक औषध वासाने किंवा रंगाने ओळखू येत नाही.

आठवड्याच्या कप्प्यांचा डबा वयस्करांसाठी सोयीचा असतो, पण फिट्सची व्हॅलप्रोएटची गोळी आणि रक्त पातळ करणारी डॅबिगाट्रॅनची कॅप्सूल त्यात भरू नये. ती घ्यायच्या वेळीच वेष्टनातून काढायची.

इन्शुलिनची न उघडलेली कुपी २ ते ८ अंशांत, म्हणजे फ्रिजच्या मधल्या कप्प्यात ठेवायची. दारात नको, बर्फाच्या खणाजवळ तर नकोच. गोठलेलं इन्शुलिन वितळलं तरी वापरायचं नसतं. वापरात असलेली कुपी किंवा पेन बहुतेक वेळा चार आठवडे साध्या, उन्हापासून दूरच्या जागेत चालतं, पण आपल्या उन्हाळ्यात साधी जागा कुठली, हा प्रश्नच आहे. वीज जाते, घरावर पत्रे असतात. मराठवाड्यात दोन मडकी एकात एक ठेवून मधल्या ओल्या वाळूने आत गारवा राखता येतो. कुपी झाकणाच्या डबीत घालून आत ठेवावी, पाणी लागू देऊ नये. कोकणातल्या दमट हवेत ही युक्ती फारशी चालत नाही, कारण तिथे पाणी फार हळू उडतं.

घरात लहान मूल असेल तर डब्याला कडी-कुलूप हवंच. दादीची साखरेची एक-दोन गोळी दोन वर्षांच्या बाळाची साखर धोकादायक खाली आणू शकते, आणि लोहाच्या रंगीत गोळ्या त्याला मिठाईच वाटतात. औषधाला ‘चॉकलेट’ म्हणून पाजू नका. मुलाने काही गिळलं तर मीठ-पाणी पाजून उलटी काढण्यात वेळ घालवू नका. रिकामी पट्टी हातात घेऊन थेट दवाखाना गाठा.

उमऱ्याला किंवा हजला जाणाऱ्यांनी गोळ्या पुडीत सुट्या बांधू नयेत. मूळ पाकिटात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह, हातातल्या बॅगेत ठेवाव्यात. विमानाच्या सामानात इन्शुलिन गोठू शकतं. औषधांची यादी इंग्रजीत, कंपनीच्या नावाऐवजी औषधाच्या मूळ नावाने लिहून पासपोर्टजवळ ठेवा, कारण तिथल्या डॉक्टरला आपल्याकडची कंपनीची नावं ओळखता येतीलच असं नाही.