वारशाची बंदूक आणि कायदा

जुनी लष्करी रायफल शंभरी ओलांडली की निव्वळ संग्राह्य वस्तू ठरते, हा समज भ्रामक आहे. १९७२ चा पुरावस्तू कायदा वय पाहतो. १९५९ च्या शस्त्र कायद्याचे कलम ४५ मात्र दुरुस्तीनेही न चालणाऱ्या जुन्या शस्त्रासच सूट देते. साहजिकच, नळी बदलून शिकारीयोग्य केलेली रायफल परवान्याच्या कक्षेतच राहते. २०१९ च्या दुरुस्तीने तर शस्त्रांची मर्यादा तीनवरून दोनवर आणली. परवाना न मिळालेल्या वारसाने मग ती जमा करावी, विकावी वा निकामी करावी. सुरक्षिततेच्या दृष्टीने हे योग्यच. परंतु त्यात इतिहासाचा पुरावाही नाहीसा होऊ शकतो. म्हणूनच जमा शस्त्रांची तज्ज्ञांकडून पाहणी व्हावी आणि दुर्मीळ नमुने नागपूरच्या अजब बंगल्यासारख्या संग्रहालयांना मिळावेत. भंगाराच्या भावाने इतिहास मोडीत काढणे कोणत्याही हिशेबात परवडणारे नाही.