शिक्का खरा, शिकार खोटी

वाळूच्या एकाच रॉयल्टी पावतीवर चार-चार ट्रिपा कशा निघतात, हे आपल्या तालुक्यात शेंबड्या पोरालाही माहीत आहे. म्हणूनच "परवाना आहे ना, मग झालं तर" असं कुणी म्हटलं की माझं डोकं फिरतं. आज विषय वाळूचा नाही, गेंड्याच्या शिंगाचा आहे. पण गंमत बघा, गोष्ट तीच.

दक्षिण आफ्रिकेत पांढऱ्या गेंड्याची शिकार परवाना काढून करता येते. बाहेरचा श्रीमंत माणूस येतो, पैसे मोजतो, गोळी घालतो आणि शिंग 'ट्रॉफी' म्हणून घरी नेतो. भिंतीवर टांगायचं, विकायचं नाही, ही अट. कागदं म्हणाल तर ढीगभर. शिकारीचा परवाना वेगळा, 'साईट्स' या आंतरराष्ट्रीय कराराखालचा निर्यात परवाना वेगळा, त्याची मुदत सहा महिने. २००९ मध्ये नियम आणखी कडक झाले. एका शिकाऱ्याला वर्षाला एकच गेंडा, शिकारीला सरकारी अधिकारी हजर, शिंगात मायक्रोचिप.

मग काय झालं? ज्यांनी जन्मात बंदूक धरली नाही असे 'शिकारी' व्हिएतनाममधून येऊ लागले. एका टोळीने तर थायलंडच्या बायकांना मेलेल्या गेंड्याशेजारी उभं करून फोटो काढले. पासपोर्ट त्यांचा, गोळी दुसऱ्याची, शिंग तिसऱ्याचं. कागद मात्र एकदम चोख! शिंगं ट्रॉफी म्हणून विमानात चढली आणि औषधाच्या काळ्या बाजारात गेली.

गेलेल्या ट्रॉफी खरंच मालकांच्या घरात आहेत का, याची खात्री मिळेना, तेव्हा २०१२ मध्ये दक्षिण आफ्रिकेने व्हिएतनामी नागरिकांना परवाने देणं थांबवलं. मग दलालांनी चेक प्रजासत्ताकातले लोक पुढे केले. माणसं बदलली, धंदा तोच.

थायलंडच्या टोळीतला चुमलाँग लेमटाँगथाई पकडला गेला. त्याने गुन्हा कबूल केला, २०१२ मध्ये ४० वर्षांची शिक्षा झाली, अपिलात ती १३ वर आली. त्याने कबुली दिली तेव्हा सोबतच्या आरोपींवरचे आरोप मागे घेतले गेले. ओळखीचं वाटतंय ना? आपल्याकडेही ट्रॅक्टरचा ड्रायव्हर आत जातो.

आता दुसरी बाजू. नामिबियात शिकारीच्या फीमधून गावांच्या संस्थांना पैसे मिळतात, मांस मिळतं. ज्याच्या शेतात हत्ती घुसतो त्याला काहीतरी मिळालंच पाहिजे. रानडुकरांनी उभं पीक लोळवलेल्या शेतकऱ्याच्या बांधावर मी उभा राहिलोय, त्यामुळे मुंबई-पुण्यातून उपदेश करणाऱ्यांसारखं मी याला हसणार नाही. पण हा सगळा युक्तिवाद एका खुंटीवर टांगलेला आहे, कागद खरा असण्याच्या. खुंटी निघाली की सगळं खाली.

आपल्या देशाने १९७२ च्या कायद्याने वेगळा रस्ता धरला. वाड्यातलं जुनं वाघाचं कातडं ठेवायचं तर मालकीचा दाखला लागतो, आणि दाखला असला तरी विकता येत नाही. आसामने तर २०२१ मध्ये सरकारी तिजोरीतली २,४७९ गेंड्याची शिंगं जाहीरपणे जाळली. काहींना ती उधळपट्टी वाटली. मला तो शहाणपणा वाटतो. जे उरलंच नाही, त्याची पावती कोण फाडणार?

ज्यांना शिकारीचे परवाने द्यायचेच आहेत, त्यांच्याकडे माझ्या तीन मागण्या. प्रत्येक परवाना नावानिशी जाहीर करा. ट्रॉफी पोहोचल्यावर वर्षाने घरी जाऊन तपासा, कागदाची जबाबदारी विमानतळावर संपू देऊ नका. आणि खोट्या शिकारीला हजर राहून सही करणाऱ्या अधिकाऱ्याला पहिला आरोपी करा.

शिक्का मारणारा हात मोकळा राहतो, तोवर गेंडाही जाणार आणि आपली नदीही. पटलं तर शेअर करा, नाही पटलं तर कमेंटमध्ये भांडा. पण "परवाना होता" एवढंच उत्तर देऊ नका.